भंगारवाल्या चाचांना, त्या सोड्याच्या पेटीबद्दल

चाचा, सलाम. तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहितोय, कारण दुकानात आलं की तुम्ही मला बोलूच देत नाही, "पहले चाय पी" म्हणून विषय संपवता.

सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, मी आपल्याकडच्या बंद पडलेल्या सोडा कारखान्यांच्या वस्तू जमवतो, जालना, अंबड, परभणी, बीड, जिथं मिळेल तिथून. गोटी सोड्याच्या बाटल्या, लाकडी पेट्या, इनॅमलच्या पाट्या, बिलबुकं. कारखाना म्हणजे तरी काय, एक खोली, गॅसची टाकी अन हाताने फिरवायचं मशीन. ते मशीन बिडाचं, वजनदार, म्हणून धंदा बसला की आधी तेच विकतात, आणि आपल्या जालन्यात लोखंड एकदा काट्यावर चढलं की सळई व्हायला कितीसा वेळ लागतो? मागच्या वर्षी एक अख्खं मशीन असंच गेलं, मी पोचलो तर दोन दिवस आधीच भट्टीत गेलेलं. लई जीव तुटला होता चाचा.

म्हणून त्या दिवशी तुमचा फोन आला, "पोट्ट्यां कू बोला मैं, इसकू नक्को फोडो, बोतलवाला आएगा," तेव्हा मी जेवण तसंच टाकून निघालो.

पेटीत एकोणीस बाटल्या, मातीने भरलेल्या. तुम्ही एक उचलून रुमालाने पुसली, उलटी सुलटी केली, तर आतली गोटी खण्णकन खाली येऊन गळ्याच्या खोबणीवर बसली. बाटली ओतताना गोटी परत तोंडाशी जाऊ नये म्हणून त्या खोबणी असतात, हे मला तुम्ही तिथं उकिडवं बसून दाखवलंत. भरताना बाटली उलटी धरायची, गॅसच्या दाबाने गोटीच तोंडाशी असलेल्या रबरी वायसरवर घट्ट बसते, बूच लागतच नाही. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये याचं पेटंट घेतलं, पण आपल्याकडं पोरांनी खेळायच्या गोटीसाठी इतक्या बाटल्या फोडल्या की अख्खी बाटली सापडणं म्हणजे नशीबच.

अन ते नाव! काचेतच उठवलेलं, उर्दूत. उर्दू दिसलं की लोक लगेच निजामाच्या काळातलं म्हणतात, ते काही खरं नाही, १९४८ नंतरही कितीतरी वर्षं आपल्या गावांत पाट्या उर्दूतच होत्या. मला अक्षर येत नाही, तुम्ही बोट फिरवत वाचलंत, "कारखाना सोडा वाटर", मग मालकाचं नाव, आणि वर त्यांची गल्लीही सांगितलीत.

मी गेलो होतो तिथं. त्यांच्या सूनबाई आहेत, वय झालंय. बाटली हातात दिली तर पदराने पुसून सासऱ्यांच्या नावावरून किती वेळ नुसता अंगठा फिरवत बसल्या. एक बाटली त्यांच्याकडंच ठेवून आलो, तुम्हाला चालेल ना?

फुटकी काच म्हणून किलोवर घातली असती तर तुम्हाला चार पैसे मिळाले असते, माझ्याकडून एक रुपया घेतला नाहीत. चाचा, मनापासून शुक्रिया.

पेटीची एक फळी कमी आहे, ढिगात सापडली तर बाजूला ठेवा, रविवारी येतोच.