विंगेतल्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पुण्यात एकांकिकांचा मोसम पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडकाने सुरू होतो. मग एकामागून एक स्पर्धा, २५ जानेवारीला मुंबईत रात्रभर रंगणारी सवाई एकांकिका स्पर्धा, शिवाय फिरोदिया करंडक, असं करता करता वार्षिक परीक्षा दारात येते. बक्षिसांच्या यादीत लेखक, दिग्दर्शक, नट असतात. नाट्यगृहात गेली कित्येक वर्षं विंगेत उभ्या असलेल्या तुमचं नाव त्यात कधी नसतं. म्हणून कॉलेजात बॅकस्टेज सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्या मुलामुलींकडून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

पहिले आभार वहीसाठी, म्हणजे प्रयोग चालवण्याच्या संहितेच्या फाइलसाठी. संहिता कागदाच्या एकाच बाजूला छापायची आणि फाइलला अशी लावायची की संवाद उजव्या हाताला येतील, डावं पान कोरं राहील. त्या कोऱ्या पानावर क्यू, म्हणजे प्रकाश-संगीत बदलायच्या खुणा, तेही पेन्सिलीने, कारण रंगीत तालमीपर्यंत दिग्दर्शक बदल करत राहणार. प्रकाशाला आकडे, संगीताला अक्षरं. लाइट बारा, म्युझिक ग. दोन्हीकडे आकडे असले की ‘बारा’ म्हटल्यावर दोघांचेही हात हलतात. मध्येच एखादा क्यू वाढला तर तो साडेबारा. पुढचे सगळे आकडे बदलायला गेलं की लाइटवाल्याच्या कागदावर जुना क्रम आणि आपल्या वहीत नवा, असा घोळ ठरलेला. ‘तयार’ अर्धं पान आधी सांगायचं, आणि प्रयोग चालू असताना ‘गो’ हा शब्द क्यूखेरीज दुसऱ्या कशासाठीही तोंडातून काढायचा नाही. खूण वाक्य संपल्यावर नको, शेवटच्या शब्दाच्या तोंडाशी हवी. ‘गो’ कानावर पडून बोट हलेपर्यंत आणि हॅलोजनची तार तापेपर्यंत जो क्षण जातो, तो वाक्यातूनच काढावा लागतो. हे कुठल्या शिबिरात इतक्या नेमकेपणाने सांगत असतील असं आम्हाला वाटत नाही.

दुसरे आभार विजेच्या हिशेबासाठी. १००० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर ओढतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन लावले की १३ झाले, तिथे थांबायचं. चौथ्याने आकडा १७ च्या वर जातो. यातला खरा धोका असा की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, लगेच पडत नाही, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. प्लगच्या पिना मात्र तापत राहतात, आणि भर प्रवेशात सॉकेट दगा देतं. म्हणून तालमीत अर्धा तास पूर्ण लाइट लावून ठेवायचे, मग मेन बंद करायचा आणि हाताची मागची बाजू प्लगच्या प्लॅस्टिकजवळ नेऊन बघायची. हॅलोजनचा दिवा उघड्या बोटांनी धरायचा नाही. बोटाचं तेल काचेला लागतं, तेवढाच भाग जास्त तापतो आणि दिवा फुटतो. पहिल्या घंटेपासून दिवे डिमरवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) जेमतेम दहा टक्क्यांवर जागे ठेवायचे, कारण थंड तारेचा रोध फार कमी असतो आणि एकदम फुल दिलं की पहिल्या झटक्यालाच ती तुटू शकते. डिमरच्या वाटेला पंखा किंवा धुराचं मशीन लावायचं नाही, त्यांना सरळ लाइन द्यायची. संगीताचा लॅपटॉप प्रयोगापुरता बॅटरीवर चालवायचा. चार्जर लावला की अनेकदा स्पीकरमधून घुर्र आवाज येतो, आणि शांत प्रवेशात तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. संगीत फोनवर असेल तर फोन एअरप्लेन मोडवर, आणि तीच फाइल दुसऱ्या फोनवर तयार.

केबल गुंडाळणं तर तुमच्या हाताकडे बघूनच शिकायचं. डाव्या तळव्यावर पहिला वेढा सरळ. दुसऱ्याला उजव्या मनगटाला आत वळवून उलटा पीळ. तिसरा पुन्हा सरळ. फेकली की वायर गाठ न पडता सरळ पसरते. कोपराभोवती गुंडाळली की प्रत्येक वेढ्याला एकाच दिशेने पीळ बसत जातो, आतल्या तारा पिनेपाशी तुटतात, आणि मग ‘हलवलं की चालतं’ अशा केबली पेटीत साठतात. तुमच्या पेटीत तशी एकही नाही.

नेपथ्याचं थोडक्यात. पुरुषोत्तममध्ये भर लेखन आणि अभिनयावर असतो, फिरोदियात नाना कला एकत्र येतात, पण फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची सुटी भिंत, उभा राहायला हवा हे दोन्हीकडे सारखंच. आठ फुटी फ्लॅटचा तिरका आधार साडेपाच फुटांच्या आसपास पकडायचा, खाली वाळूची पिशवी. सारखी जोडाजोड असेल तिथे खिळा नको, दोन-तीन प्रयोगांत भोक सैल होतं. आठ मिलिमीटरचा बोल्ट, आणि त्याला १२-१३ चा पाना. लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा उंचवट्याचा चौथरा, करकरते ती बहुतेक वेळा प्लाय चौकटीवर घासतो म्हणून, मध्ये जुन्या सतरंजीची पट्टी घातली की गप्प बसते. डुगडुगत असेल तर पुठ्ठ्याची पाचर. टेम्पो भरताना जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं. फ्लॅट उभेच न्यायचे, रंगाला रंग समोरासमोर ठेवून मध्ये चादर. ऑगस्टच्या पावसात वरून ताडपत्री हवीच, पण ती टेम्पोच्या मागच्या फळीवरूनही खाली सोडायची. पाणी तिथूनच आत येतं. रंगात फेविकॉल मिसळलेला असेल तर चार थेंब पडले तरी भिंत ओघळत नाही.

अंधाराबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण आमच्या कामाचा जीव तिथे आहे. ब्लॅकआउटमध्ये नट वाट शोधत राहिला तर त्याचा पुढचा प्रवेश बिघडतो. रेडियमचे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या पट्टीचे, तुकडे बोटाच्या पेराएवढेच कापायचे, मोठे असले की पहिल्या रांगेला दिसतात. टेबलाच्या फक्त मागच्या दोन पायांपाशी खुणा, इंग्रजी एल सारख्या. रेडियम प्रकाश पिऊनच चमकतो, म्हणून मंद निळ्या प्रवेशानंतरच्या ब्लॅकआउटमध्ये त्याचा भरवसा धरायचा नाही. पडदा उघडण्याआधी प्रत्येक तुकड्यावर टॉर्च मारून घ्यायचा. विंगेत तीन फुटांची वाट कायम मोकळी, तिथे खुर्ची नाही, पाण्याची बाटली नाही. काळे कपडे, मऊ तळव्यांचे बूट, खिशातल्या किल्ल्या बाहेर, मनगटावरचं उजळणारं घड्याळ काढलेलं. आणि उभं कुठे राहायचं, तर तुम्ही एका वाक्यात दिलेला नियम पुरतो. मला प्रेक्षक दिसतोय, म्हणजे त्याला मी दिसतोय.

प्रॉपर्टीच्या, म्हणजे नटांना प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलावर खाकी कागद, त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा आणि पात्राचं नाव. एक चौकोन रिकामा दिसला की काय हरवलं ते विचारावं लागत नाही. तपासणी दोनदा, दारं उघडण्याआधी आणि तिसऱ्या घंटेआधी. काड्यापेटीतल्या तीन काड्या अर्ध्या बाहेर, दुसरी पेटी नटाच्या खिशात. रंगमंचावर काडी पेटणार असेल तर नाट्यगृहाची परवानगी आधी, आणि विंगेत वाळूची बादली. नाटकातला चहा बिनदुधाचा.

काका, हे सगळं तुम्ही न रागावता, न कंटाळता सांगत आलात. रात्री उशिरा, सेट काढून झाल्यावर, शेवटचा टेम्पो निघेपर्यंत थांबून. दर वर्षी मुलं नवी असतात, तेच प्रश्न घेऊन येतात, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या बोल्टापासून सुरुवात करता. पाठ वाकलेली असताना लेव्हलचं जड टोक तुम्हीच उचलता. यंदापासून ते टोक आमचं. वरच्या सगळ्या गोष्टी वहीच्या पहिल्या आठ पानांवर लिहून काढल्या आहेत. नव्या मुलांना त्या आधी वाचायला देऊ, म्हणजे तुम्हाला रंगमंचावरच्या कामापुरतंच बोलावं लागेल. वहीत काही चुकलं असेल तर तुमच्या हाताने, पेन्सिलीने, दुरुस्त करा.

तुमचा १२-१३ चा पाना सामानासोबत आमच्या पेटीत आलाय. पुसून, तेल लावून ठेवलाय. शनिवारी दुपारच्या प्रयोगाआधी आणून देतो.

तुमची,
बॅकस्टेजची मुलंमुली