47 किलोंचा राजा

महोदय,
बॉक्सिंग म्हटले की आपल्या क्रीडापानांवर अली आणि टायसनच दिसतात. मी कॉलेजात असताना 48 किलो गटात खेळलो. आमच्या लढती सकाळी सर्वांत आधी, रिकाम्या खुर्च्यांसमोर व्हायच्या. त्यामुळे मेक्सिकोच्या रिकार्डो लोपेझबद्दल लिहायला मला कुणीतरी हवे होते. कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो.

त्याचा वजनगट मिनिममवेट, म्हणजे कमाल 105 पौंड, जेमतेम 47.6 किलो. ऑक्टोबर 1990 मध्ये टोकियोत त्याने हिदेयुकी ओहाशीला पाचव्या फेरीत हरवून त्या गटाचा जागतिक किताब घेतला आणि पुढे तो 21 वेळा राखला. डावा सरळ ठोसा मारला की हात लगेच हनुवटीशी परत. हे दिसायला सोपे वाटते, पण दमलेल्या माणसाचा हात सर्वांत आधी तिथूनच खाली येतो. त्याचा आला नाही.

1998 मध्ये निकाराग्वाच्या रोसेंदो अल्वारेझने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडले. डोक्यांच्या टकरीत लोपेझला जखम झाली, लढत थांबली आणि बरोबरी जाहीर झाली. त्याच वर्षी फेरलढत लोपेझने जिंकली. नंतर तो वरच्या वजनगटातही विजेता झाला आणि 2001 मध्ये न्यूयॉर्कला शेवटचे लढला. एकूण 52 लढती, 51 विजय, ती एक बरोबरी, पराभव शून्य.

रविवारच्या पानावर त्याच्यासाठी अर्धा रकाना तरी द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक माजी बॉक्सर, सातारा