आवणीला या, मग मोजा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या अंकात रोज धरणसाठ्याची चौकट येते. चहाबरोबर मी आधी तीच वाचतो. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यात पानशेतचे १०.६५ आणि वरसगावचे १२.८२. या दोन्ही धरणांच्या भिंती वेल्हे तालुक्यात आहेत. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण माझ्या तोंडून वेल्हंच जातं.) चौकटीबाहेर आमचा आकडा सहसा छापला जात नाही, म्हणून एक मी देतो : ५४,५१६. ही २०११ च्या जनगणनेतली तालुक्याची लोकसंख्या. तेव्हा पुणे जिल्ह्याची होती ९४,२९,४०८. जिल्ह्यातल्या हजार माणसांत आमची सहासुद्धा भरत नाहीत.

हा आकडा जमवणाऱ्यांत मीही होतो. तिकडे प्राथमिक शाळेवर शिक्षक होतो, प्रगणक म्हणून नेमणूक आली. ९ ते २८ फेब्रुवारी अशी मुदत. नियम स्पष्ट होता : या वीस दिवसांत जो घरी मुक्कामाला आलाच नाही, त्याला तिथं धरायचं नाही. तो जिथं राहत असेल तिथं मोजला जाईल.

माझ्या वाट्याला डोंगरावरचा एक धनगरवाडा होता. घरं अकरा. गाडीरस्ता संपतो तिथून दीड तासाची चढण. सात घरं बंद. कुलूप एखाद्यालाच, बाकीच्यांच्या कडीला सुतळीची गाठ. आठव्या घराच्या ओट्यावर एक आजी वरई पाखडत बसल्या होत्या. घरात माणसं किती म्हटल्यावर सूप बाजूला ठेवून त्यांनी बोटांवर मोजलं. थोरला, त्याची बायको, दोन पोरं, मधला, धाकटा आणि त्या स्वतः. सात. आत्ता कुठं आहेत सगळी? थोरला बायकापोरांसकट पुण्याजवळ नऱ्ह्यात, गोडाऊनवर वॉचमन. मधला मार्केट यार्डात हमाल. धाकटा टेम्पोवर.

“मग इथं रात्री कोण असतं?”

“मी आन् म्हस.”

मी एक लिहिलं. आजींना वाचता येत नव्हतं, पण एकच आकडा पडला हे त्यांना बरोबर कळलं. “एकच का वो लिवलं, गुरुजी? आवणीला या, मग मोजा.” आवणी म्हणजे भाताची लावणी. मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणीला पुन्हा तो चढ चढलो. दरम्यान म्हैस व्याली होती. रेडकाला रकाना नव्हता.

आजींचं म्हणणं समजायला आमच्या तालुक्याचा उतार समजावा लागतो. पश्चिमेला सह्याद्रीची कड. मढे घाटाच्या टोकाला उभं राहिलं की पायाखाली थेट कोकण. ढग आधी इथं फुटतात. मधे तोरणा, १,४०३ मीटर, जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड. पाऊस मुबलक, पण माती पातळ आणि जमीन कलती, त्यामुळे पाणी थांबत नाही. ते मोशी, आंबी, कानंद, गुंजवणीतून खाली पळतं. खोऱ्यातली सपाट खाचरं बरीचशी धरणाखाली गेली. पुण्याला पानशेत म्हटलं की १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं ते आठवतं. पाण्याखाली गेलेलं भाताचं रान आठवणारे आता थोडेच. उरलं ते एक पीक. पावसाआधी राब भाजायचे (म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा भाजायची), तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायचा, जुलैत आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. त्यानंतर माणसानं डोंगरावर करायचं काय? माघ येतो तोवर तरणी माणसं पुण्यात पोचलेली असतात. जुलैत तीच परततात. मालकानं रजा नाकारली तर काम सोडून येतात. तेव्हा त्याच अकरा घरांत पंगती उठत असतात.

पाणी मोजायचं धरणं भरताना, रोज. माणसं मोजायची गावं रिकामी असताना, तीही इतक्या वर्षांतून एकदा. पुढची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच आहे.

हा नुसता कागदावरचा प्रश्न नाही. आरोग्य उपकेंद्राला मैदानी भागात ५,००० लोकसंख्या लागते, डोंगरी भागात ३,०००. सवलत आहे, पण शेवटी मोजायची डोकीच. आजींच्या वाड्यावरून ते उपकेंद्र किती तासांवर, याला कागदात जागा नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत साध्या भागातल्या वस्तीला ५०० माणसांची अट होती, डोंगरी राज्यांना २५० ची. डोंगरी राज्यं म्हणजे हिमालयाकडची; सह्याद्री महाराष्ट्रात पडला, म्हणून तो त्या हिशेबात डोंगर नाही! अकरा घरांचा वाडा यातल्या कोणत्याच आकड्याला जन्मात पोचणार नाही. विधानसभेलाही भोर, वेल्हे आणि मुळशी मिळून एकच आमदार. (शाळांचं इथं काढत नाही, त्याला वेगळं पत्र लागेल.)

देशाची गणना आमच्यासाठी जुलैत ढकला असं मी म्हणणार नाही. एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये, एवढं मलाही कळतं. मी तेव्हा नियमानंच लिहिलं आणि आजही तसंच लिहीन. पण जिल्हा परिषदेला स्वतःची नोंद करायला कोण अडवतं? ग्रामसेवक आणि आशाताई यांनी आवणीच्या महिन्यात वाडीवार माणसं टिपावीत. सोबत दोन रकाने ठेवावेत : जवळचा दवाखाना पायी किती वेळावर आहे, आणि ओढा भरल्यावर वाट किती दिवस बंद राहते. जिल्ह्याचे आराखडे करताना ती वही फेब्रुवारीच्या आकड्याशेजारी उघडून ठेवावी.

आजी आता नाहीत. थोरला अजून नऱ्ह्यातच आहे. गेल्या जुलैत भेटला तेव्हा खांद्यावर पावसात पांघरायचं इरलं होतं आणि गावाकडची गाडी पकडायच्या घाईत होता.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
धायरी, पुणे