‘हुडकत’ फिरणाऱ्या आईसाठी बाईंना पत्र

खानापूर, जि. बेळगाव

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

माझी लघुकादंबरी अखेर छापून आली. अर्पणपत्रिकेवर आईचे नाव असले, तरी त्या घराचे दार आपण उघडून दिलेत, हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आला, त्याच महिन्यात आई गेली. पाणी ओसरल्यावर माजघराच्या मातीच्या भिंतीवर ओलीची रेघ राहिली, ती दोनदा चुना लावूनही जाईना. तिथेच मला कथानक सुचले: ती ओल दरसाल चार बोटे वर चढते, आईच्या खांद्याइतकी होते आणि एका पहाटे तिच्यातून बांगड्यांचा आवाज येतो. पहिल्या खर्ड्यात मात्र हे सारे नायकाचे स्वप्न ठरवून मी मोकळा झालो होतो. आपण ते शेवटचे प्रकरण न रागावता बाजूला ठेवलेत आणि एवढेच विचारलेत, “तुला जाग आली का रे अजून?”

रात्री किल्ली शोधत खोल्याखोल्यांतून फिरणाऱ्या आईच्या पानावर आपण ‘शोधत’भोवती लाल पेन्सिलीने गोल काढलात आणि समासात ‘हुडकत’ लिहिलेत. पुण्याच्या वाचकाला हे खटकेल, असे मी म्हणालो. (याच शब्दासाठी शाळेत आपण माझ्या निबंधाचे गुण कापले होते, ते तेव्हा काढले नाही.) कन्नडमधल्या ‘हुडुकु’शी नाते सांगणारा हा शब्द आईच्या तोंडी दिवसातून दहादा असे, ती कधी काही शोधत नसे, हुडकत असे. तो शब्द बसला आणि त्या पानावरचे भूत जाऊन तिथे आई आली.

मला कन्नड बोलता येते, पण वाचता येत नाही, म्हणून घरपट्टीची पावतीही मी आपल्याकडूनच वाचून घेतली. तिच्यावर अजून आईचेच नाव असल्याचे आपण बोट ठेवून दाखवलेत. तिसऱ्या प्रकरणात आई मुलाला “तू कुणाच्या घरात राहतोस?” असे विचारते, ते त्या पावतीवरून आले.

सोबत पुस्तकाची प्रत पाठवत आहे. पान ४१ वर एक ‘शोधत’ नजरेतून सुटला आहे. आपल्याला सापडण्याआधी मीच कबूल करतो. गणपतीत भेटायला येईन, तेव्हा लाल पेन्सिल घेऊन येतो.

आपला विद्यार्थी