पंप कोणी काढला होता: मिस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

मिस्त्रीकाका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "हाव हाव, ठेव आता" म्हणून कट करून टाकता, म्हणून इथंच लिहून राहिलो, तुमचा पुतण्या वाचून दाखवीलच. आणि एक गोष्ट कबूल पण करायची आहे, ती तुमच्या तोंडासमोर काही माझ्यानं झाली नसती.

डिसेंबरच्या थंडीत बाबांची जुनी डिझेल जीप नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकाकडं तुमच्या शेडसमोर आणून लावली तेव्हा मी पार वैतागलो होतो. सकाळी स्टार्टर मारला की टिनाच्या डब्यात गोटे घालून कोणी हलवून राहिलं असा आवाज, आई आतून ओरडायची की बंद कर बाप्पा ते, लोकं झोपलेत. गरम झाल्यावर थोडा कमी व्हायचा पण जायचा नाही. त्याआधी दोन गॅरेज झाले होते, एकानं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून पैसे घेतले, आवाज जसाच्या तसा, दुसऱ्यानं तर हात पुसत पुसत सांगून टाकलं की बेअरिंग गेले, हाफ इंजिन, म्हणजे अर्धं इंजिन खोलून काम, करावं लागेल, साठ-पासष्ट हजार धरून चला. मी त्या रात्री जीप विकायच्या हिशोबातच झोपलो.

तुम्ही पहिली वीस मिनिटं पाना हातात घेतलाच नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावलं, मूठ कानाला, अन् डोळे मिटून उभे. मी मधेच म्हटलं, काका बेअरिंग आहे म्हणतात, तर तुम्ही म्हणाले, "इंजिन कायले खोलतं बाबू, पयले आयकून तं घे." मग मला ऐकवलं. टॅपेटची टिकटिक वरून येते, बारीक असते, इंजिनाच्या अर्ध्या चालीनं, म्हणजे दोन चकरांत एकदा. बेअरिंगचा ठोका खालून येतो, जाड, लोड पडला की वाढतो, आणि बेअरिंग खरंच सुटलं असतं तर गरम इंजिनाला आयडलवर ऑइलचं प्रेशर असं राहिलंच नसतं. माझ्या मीटरचा काटा तर मस्त उभा होता. हे त्या हाफ इंजिनवाल्यानं पाहिलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतं पाहिलं.

मग नोझलच्या, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारते त्याच्या, पाइपाचे नट एकेक करून ढिले केले, चिंधी गुंडाळून, आणि मला दटावलं की बोट पुढं नेऊ नको, ही धार कातडी फोडून आत जाते. ज्या सिलेंडरचं डिझेल तोडलं त्यानं आवाज मेला असता तर दोष तिथला, नोझल गळतंय नाहीतर बेअरिंग. चारही करून पाहिले, प्रत्येक वेळी इंजिन तेवढंच बसलं आणि कडकड तीच. चारही सारखे बोलून राहिले म्हणजे चौघांना मिळून जो डिझेल देतो त्याच्याकडं जा, असं तुम्ही म्हणाले आणि वाकून पंपाकडं पाहिलं.

आता कबुली. सगळ्या इंजिनावर दहा वर्षांचा काळा थर आणि पंपाच्या फ्लॅंजचे, म्हणजे पंप इंजिनाला जोडणाऱ्या कडेचे, तीनच नट चमकून राहिले होते. तुम्ही विचारलं, "पंप कोनं काढला होता बे?" मी म्हटलं, कोणी नाही. तुम्ही "बरं" म्हणाले, बस.

काका, मीच काढला होता. दिवाळीच्या सुट्टीत, सील गळत होतं म्हणून. पंपवाल्याकडून सील बदलून आणलं ते ठीक, पण काढताना फ्लॅंजवर खूण केलीच नव्हती, आणि बसवताना लांबट भोकांच्या मधोमध अंदाजानं नट आवळून दिले. मला वाटलं एवढ्याशा सरकण्यानं काय होते. तुम्ही सांगितलं तेव्हा कळलं की इंजिन दोन चकरा मारतं तेव्हा पंप एक मारतो, म्हणून पंपाला एक डिग्रीची चूक केली की क्रँकला दोन डिग्रीची होते.

पंपाच्या डोक्याचा मधला बोल्ट काढून तुम्ही डायल गेज, म्हणजे आतला दट्ट्या किती सरकला ते काट्यानं दाखवणारं माप, बसवलं, आधी इंजिन हातानं उलटं फिरवून काटा सगळ्यात खाली थांबला तिथं झिरो केला, मग सरळ फिरवत एक नंबरच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर येतो त्या खुणेवर, आणलं. मी जोशात खुणेच्या पुढं नेलं तर मागं ओढू दिलं नाही, पाव चक्कर मागं नेऊन परत पुढून यायला लावलं, कारण गिअरमधला ढिलेपणा काट्यावर खोटं बोलतो. काटा १.१६ मिलिमीटर, या इंजिनाला पाहिजे ०.९०. टायमिंग भलतंच ॲडव्हान्स. डिझेल वेळेआधीच आत जाऊन राहिलं, तेव्हा हवा पुरती दबून तापलेली नसते, म्हणून ते लगेच पेटत नाही, साचते आणि मग एकदम भडकते, अन् पिस्टन तर अजून वरच येऊन राहिला असतो. "चूल धरत नाही म्हनून राकेल ओतत राहाचं आन मंग काडी लावाची, तसं हाय हे," हे तुमचं वाक्य मी चार जणांना ऐकवून झालो. थंडीत सकाळी जास्त का वाजायचं तेही त्यातच आलं.

पाइपांचे नट ढिले, फ्लॅंजचे ढिले, आणि पंपाचं अंग त्याच्या फिरायच्या दिशेनं जरासं सरकवलं, केसभरच हो, डोळ्याला दिसलं पण नाही, काटा मात्र उतरला. पुन्हा आवळून पुन्हा दोन चकरा फिरवून पुन्हा मोजलं, ०.९१ आलं, तुम्ही "चालते" म्हणाले.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. काम झालं होतं, तरी मला कळावं म्हणून तुम्ही पंप मुद्दाम जास्त मागं नेऊन गाडी चालू केली. आवाज एकदम लोण्यासारखा! मी खूश, म्हटलं काका असंच ठेवा. तर तुम्ही सायलेन्सरकडं बोट दाखवलं, पांढरा धूर, डोळे चुरचुरले, आणि ॲक्सिलरेटर दाबला तर गाडीत जीवच नाही. मग परत ०.९० वर. एवढा वेळ कोण कोणासाठी घालवते?

मग डबल डेकर पुलावर चढलो, चढावर टॉपला ठेवूनच, ओढ होती. कडकड गेली, डिझेलचा आपला आवाज राहिला, तो राहणारच.

मजुरीचे आठशे घेतले तुम्ही. वर दिलेले दोनशे परत माझ्या खिशात कोंबले. आणि मी निघणार तेवढ्यात छिन्नी आणली, फ्लॅंज आणि हाउसिंगवर मिळून एक सरळ खूण मारली आणि म्हणाले, "घे, आता कोनी नाही काढला तरी जाग्यावर बसन."

घरी येईपर्यंत माझे कान गरम होते. काटोलच्या वावरातली संत्री रविवारी घेऊन येतो, पेटी परत करू नका.