किती लांब ते कळव

विलेपार्ले, मुंबई

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. आई म्हणते फोन कर, पण फोनवर माझा आवाज चढतो. ‘स्फोट बघायला शिकवलं का तुला?’ हे तू निघायच्या रात्री मी बोलायला नको होतं.

तुमची ती स्फोटाची चाचणी कोणत्या दिवशी आहे, ते मात्र कळव.

तू लॅपटॉपवर दाखवलंस ते मला समजलं होतं गं. कॉम्प्युटरवर विमानाच्या पत्र्याचे बारीक बारीक चौकोन करायचे आणि स्फोटाचा धक्का एकातून दुसऱ्यात कसा जातो ते मोजायचं. स्फोटानं पडतं ते भोक लहान, पुढे आतली दाबलेली हवाच तडा पळवते. २०१६ साली मोगादिशूहून निघालेल्या विमानाला बॉम्बनं भगदाड पडूनही ते परत उतरलं, कारण ते अजून चढतच होतं, आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबात फरक कमी होता. फक्त पत्रे जोडणारे रिव्हेट यात कुठे आहेत, एवढंच मी विचारलं. तू म्हणालीस, अख्खी रांग एकसारखी धरतो. बाई, जन्मभर रिव्हेट मारले मी, एक दुसऱ्यासारखा बसत नाही. तुझ्या सरांना सांग. जाऊ दे, पुन्हा शिकवायला लागलो.

कॉम्प्युटरचं उत्तर खऱ्या स्फोटाशी ताडून बघावंच लागतं, हेही पटतं. १९९७ मध्ये इंग्लंडात ब्रंटिंगथॉर्पला जुन्या जंबोत हवा भरून तो उडवला, हे तूच सांगितलंस. तेव्हा माणसं किती लांब होती, ते नाही सांगितलंस.

२३ जून १९८५, रविवार. माझी दुसरी पाळी होती. एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या पोटाखाली शिकाऊ असताना मी बॅटरी धरून उभा राहिलो होतो. ते त्या दिवशी आयर्लंडजवळ, ३१,००० फुटांवर फुटलं, ३२९ माणसं गेली. हँगरमध्ये त्या दिवशी कोणी डबा उघडला नाही. देसाई सारखे म्हणत होते, आपल्या हातून काही राहिलं का रे? बॉम्ब होता हे नंतर कळलं, तरी त्यांचा तो प्रश्न जाईना. तुझं काम तेव्हा असतं तर, असं काल मनात आलं.

कोपऱ्यावरच्या वाण्याला सांगितलं, मुलगी विमानं मजबूत करायचं शिकते. स्फोटाचं नाव काढलं नाही.

आजीचं औषध वेळेवर चालू आहे. मेतकूट निळ्या पिशवीत आहे.

चाचणीची तारीख कळव. आणि किती लांब उभं करतात तेही, मीटरमध्ये.

तुझे,
बाबा