रानकोंबड्याला हात लावू नका, पिसं गावठीची घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फेरीबोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी मांडवीकाठी फ्लायने चोणक, म्हणजे जिताडा मासा, गरवतो. फ्लाय म्हणजे गरीवर पिसं नि केस दोऱ्याने घट्ट बांधून केलेला खोटा मासा. माझ्या फ्लाय मी घरीच बांधतो.

गेल्या पावसाळ्यात बाजारात एकाने पिशवीतून रानकोंबड्याच्या मानेचं सोललेलं कातडं काढलं आणि फ्लायवाले याला हवे तितके पैसे मोजतात म्हणाला. मी तिथून निघालो, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. आमच्या डोंगरात पहाटे आरवणारा पक्षी तो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेण ठिबकून वाळावं तसे पिवळट-पांढरे ठिपके असतात. विलायतेत सॅमन मासा धरायच्या फ्लायवर ही पिसं डोळे म्हणून बांधायची जुनी रीत आहे. भारतातून निर्यात बंद झाली तेव्हा तिकडच्यांनी हेच पक्षी पाळून वाढवले. या पिसांचा हव्यास कुठवर जातो पाहा: २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली, तीही फ्लायच्या पिसांसाठीच.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानकोंबड्याची शिकार गुन्हा आहे. सांबर, चितळ आणि मुंगसाच्या केसांचंही तेच. माझ्या भाच्याने ऑनलाइन हरणाच्या केसांची पुडी मागवली. ते केस कुठल्या जनावराचे, हे पुडीवर कुठेच नव्हतं. मोराच्या गळालेल्या शेपटीच्या पिसाला देशात मुभा आहे, पण ते परदेशी पाठवता येत नाही.

खरं तर चोणकाला यातलं काहीच लागत नाही. गावठी कोंबड्याच्या पाठीवरून शेपटीच्या बुडाशी लोंबणारी लांब पिसं घ्यावीत, दोन डाव्या अंगाची, दोन उजव्या, म्हणजे बाक एकमेकांकडे येतो. वाहत्या ओढ्यात तरंगणाऱ्या फ्लायसाठी ही मऊ पडतात, पण मानशीच्या, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी भरतीच्या पाण्यात तीच श्वास घेतल्यासारखी हलतात. पोटाला बकऱ्याचे पांढरे केस. नाताळात टर्की कापतात, तिची बारीक मऊ पिसंही उत्तम.

अडचण एवढीच की चिकन सेंटरवर कोंबडा आधी गरम पाण्यात बुडवतात आणि पिसं वाया जातात. दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे, मान आणि पाठ कोरडीच सोलून द्या, जास्तीचे पैसे आम्ही आनंदाने देऊ. घरी आणून चरबी खरवडायची, मीठ चोळून सावलीत वाळवायचं, मग साबणाने धुऊन पुन्हा वाळवायचं आणि कीड लागू नये म्हणून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचं.

वनखात्यालाही सांगणं आहे. कुठलं पीस नि कुठले केस जवळ ठेवले तर गुन्हा, हे सोप्या मराठीत नि कोकणीत छापून बाजारात आणि गरी-दोऱ्याच्या दुकानांत लावावं. भाच्यासारखी पोरं नकळत फसतात. ते कातडं विकणारा माणूस मला अजून बाजारात दिसतो.

आपला,
एक निवृत्त फेरीबोट कर्मचारी, डिचोली